३५०० किलोच्या शेजारी दुसरा आकडाही छापा

फोर-बाय-फोर गाड्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या जाहिरातीत गाडी कधी कड्याच्या टोकावर उभी असते, कधी नदी ओलांडत असते, आणि तिच्या बाजूला ठळक अक्षरांत एक आकडा असतो: ३५०० किलो. ओढण्याची क्षमता. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घ्यायची ठरवलेला माणूस हा आकडा पाठ करूनच शोरूममध्ये पाऊल ठेवतो. सहा वर्षांपूर्वी मीही तशीच आले होते. आता गाडी बदलायची वेळ आली आहे. गेले दोन महिने मी माहितीपत्रके चाळते आहे, आणि मला हवा असलेला आकडा एकाही पहिल्या पानावर सापडलेला नाही. म्हणून हे पत्र.

मला हवा असलेला आकडा असा: पूर्ण वजनाची कॅरॅव्हॅन जोडलेली असताना गाडीच्या आत माणसे आणि सामान मिळून किती किलो बसू शकते?

मागच्या खेपेला मी विक्रेत्याला विचारले होते, आमची कॅरॅव्हॅन भरल्यावर तीन टनांच्या आसपास जाईल, ही गाडी ओढेल ना? तो म्हणाला, "मॅडम, साडेतीन टन ओढते. अर्धा टन शिल्लकच राहतो." तो खोटे बोलत होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याला तेवढेच शिकवलेले होते.

पहिल्या मोठ्या प्रवासात, लांब उतारावर, ताशी ९५ च्या वेगात असताना एका मोठ्या ट्रकने आम्हाला मागे टाकले. त्याच्या पुढच्या हवेच्या लोटाने कॅरॅव्हॅन आधी बाहेर ढकलली गेली, मग त्याच्या बाजूला ओढली गेली, आणि नंतर ती थांबेचना. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोका आधीच्या झोक्याहून मोठा. गाडीची मागची बाजू तिच्याबरोबर फरफटत होती आणि हातातले स्टिअरिंग हलके लागत होते, जणू पुढची चाके रस्त्याला नुसती टेकलेली आहेत. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले आणि ब्रेकला पाय लावला नाही. नवऱ्याने हात पुढे करून कॅरॅव्हॅनच्या ब्रेकसाठी गाडीत बसवलेल्या कंट्रोलरवरून फक्त तिचे ब्रेक दाबले. ती ताणली गेली आणि सरळ झाली. या सगळ्याला दहा सेकंदही लागले नसतील. मागच्या सीटवर दोन्ही मुले चिडीचूप बसली होती, आणि पुढे कितीतरी वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

परत आल्यावर पहिले काम केले ते वजनकाट्यावर जाण्याचे. कॅरॅव्हॅन ३०२० किलो भरली, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या बरीच आत. गाडी मात्र तिच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा ९० किलोंनी जास्त निघाली आणि तिचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, १६० किलोंनी जास्त. आम्ही काही वेडेवाकडे भरले नव्हते. चार माणसे, पुढचा लोखंडी बंपर, टपावरचा रॅक, एक फ्रिज, एक जादा बॅटरी, हत्यारांची पेटी. जाहिरातीतल्या गाडीवर हे सगळे दिसते. जे दिसत नाही ते कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांडीवरून येणारे वजन. ते टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर दांडी अडकवतात त्यावर, येते आणि तिथून थेट गाडीच्या अंगावर. आमच्या बाबतीत ते तीनशे किलो होते. डिकीत चार धडधाकट माणसे उभी करावीत, इतके.

इथे थोडे गणित मांडते. तुमच्या अभियंत्यांना ते पाठ आहे, पण तुमच्या विक्रेत्यांना आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकांना ते कोणी समजावून सांगत नाही. समजा, एका गाडीचे रिकामे वजन २२०० किलो आहे. तिचे भरलेले जास्तीत जास्त वजन, म्हणजे जीव्हीएम, ३१०० किलो. ओढण्याची क्षमता ३५०० किलो. आणि गाडी व कॅरॅव्हॅन मिळून जास्तीत जास्त वजन, म्हणजे जीसीएम, ६००० किलो. माहितीपत्रकात पहिले तीन आकडे पाहिले की वाटते, गाडीत ९०० किलो भरता येतील आणि मागे साडेतीन टन. पण ३१०० आणि ३५०० ची बेरीज ६६०० होते. चौथा आकडा ६००० वरच थांबतो. म्हणजे मागे खरोखर ३५०० किलो जोडले तर गाडीचे स्वतःचे वजन २५०० च्या वर जाता कामा नये. २२०० किलोच्या गाडीत उरले ३०० किलो. ७५ किलोची चार माणसे बसली की संपले. टो बार नाही, बंपर नाही, फ्रिज नाही, पाण्याचा एक कॅनसुद्धा नाही.

सगळ्याच गाड्यांचे गणित इतके आखूड नसते. काहींची जीसीएम जीव्हीएम आणि ओढण्याच्या क्षमतेच्या बेरजेइतकी असते. तिथे दोन्ही मर्यादा एकाच वेळी पूर्ण वापरता येतात, आणि बॉलवरचा भार तेवढा गाडीच्या हिशेबात धरावा लागतो. अशा गाड्या बनवणाऱ्यांनी तर हे अभिमानाने पहिल्या पानावर छापायला हवे. तेही छापत नाहीत, याचे मला खरेच नवल वाटते.

आता ३५०० या आकड्याबद्दल. वेगवेगळ्या इंजिनांच्या, वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या वजनांच्या इतक्या गाड्यांची ताकद नेमकी एकाच किलोवर येऊन कशी थांबते? लँड क्रूझर ३००, डिफेंडर, रेंजर, निसानची पेट्रोल नावाची मोठी गाडी, सगळ्यांचा आकडा तोच. त्याचे कारण इंजिनात नाही, नियमांत आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ७५० किलोंच्या वरचे आणि ३५०० किलोंपर्यंतचे ट्रेलर एका वर्गात येतात. त्या वर्गापुरते साधे, ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे ओव्हररन ब्रेक चालतात. त्याच्या पुढे ब्रेकची व्यवस्थाच बदलावी लागते. म्हणजे ३५०० ही कायद्याने आखलेली कुंपणाची रेघ आहे. त्या रेघेपर्यंत सहज पोहोचणारी गाडी आणि धापा टाकत पोहोचणारी गाडी, दोघींच्या माहितीपत्रकात एकच आकडा दिसतो. निवड करणाऱ्याने मग काय पाहायचे?

चाचण्या होतात हे मला माहीत आहे. युरोपीय संघाच्या नियमांत १२ टक्के चढावर, पूर्ण भार घेऊन, पाच मिनिटांत पाच वेळा थांबलेली गाडी पुन्हा निघाली पाहिजे, अशी अट आहे. अमेरिकेत २००८ साली वाहन अभियंत्यांच्या एसएई संस्थेने जे२८०७ नावाचे मानक काढले, ते बरेच कडक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर गाडीचा कस लावतात. एसी पूर्ण चालू ठेवायचा आणि एसयूव्हीचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. मला हे मानक आवडते, कारण ते खऱ्या प्रवासाच्या जवळ जाते. पण त्यातही गाडीत धरलेली माणसे दोनच आहेत, प्रत्येकी ६८ किलोंची. चार माणसांचे कुटुंब आणि त्यांचे आठवड्याचे सामान त्या चढावर कधीच नसते. आणि १२ टक्के चढावर निघता येणे म्हणजे ताशी ९० च्या वेगात, आडव्या वाऱ्यात, उतारावर ताब्यात राहणे नव्हे. आमच्या गाडीला चढ कधीच जड गेला नाही. जड गेला तो उतार.

त्या हलक्या लागलेल्या स्टिअरिंगचे कारण मला नंतर कळले. टो बॉल मागच्या ॲक्सलच्या खूप मागे असतो, त्यामुळे त्याच्यावरचा भार तरफेसारखा काम करतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ३.२ मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून बॉल १.३ मीटर मागे असेल, तर बॉलवर ३५० किलो ठेवल्यावर मागच्या ॲक्सलवर ३५० नव्हे, सुमारे ४९० किलो वाढतात. जादाचे १४० किलो पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. ज्या चाकांनी गाडी वळायची आणि ब्रेक लागल्यावर ज्यांच्यावर सर्वांत जास्त भार यायचा, तीच चाके हलकी होतात. हेडलाइटही वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात.

यावर अनेकजण मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, बसवून घेतात आणि गाडी सपाट दिसते म्हणून निर्धास्त होतात. हे मात्र मला कळकळीने सांगायचे आहे: मागची उंची वाढल्याने पुढच्या चाकांवर हरवलेला भार परत येत नाही. लोखंडी पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगांच्या पिकअपमध्ये तर जो भार स्प्रिंगाच्या दोन टोकांवर वाटला जायचा, तो चॅसीवर मधल्या एकाच जागी येतो. त्यात मागच्या ॲक्सलच्या मागे हौदात सामान आणि त्याच्याही मागे कॅरॅव्हॅन. खडबडीत रस्त्यावर वाकलेल्या चॅसीच्या डबल-कॅब गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. भार पुढे परत आणायचे काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिच नावाची जोडणी करते. पण ती बसवायची की नाही, बसवली तर किती ताणायची, याबद्दल तुमच्यापैकी काहींच्या पुस्तिकेत परवानगी आहे, काहींच्या मनाई आहे, आणि काहींच्या पुस्तिकेत अवाक्षर नाही. हे गाडी घेण्याआधी कळायला हवे. घेतल्यानंतर पान २८० वर नव्हे.

बॉलवरचा भार कमी केला की प्रश्न सुटेल, असेही नाही. जुन्या गाडीवानांच्या भाषेत गाडी उलाळ होणे म्हणजे मागचे वजन जास्त होऊन धुरा वर उचलला जाणे. कॅरॅव्हॅन उलाळ झाली की डुलायला निमित्तच शोधत असते. आम्ही सायकली आणि जादा चाक अगदी मागच्या बाजूला टांगले होते. डुलण्यात वजनापेक्षा वजन कुठे ठेवले आहे हे जास्त महत्त्वाचे ठरते. जड वस्तू चाकांच्या जवळ आणि जमिनीलगत, दोन्ही टोके हलकी, आणि दांडीवर पुरेसा भार. युरोपात कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार बॉलवर ठेवतात. ऑस्ट्रेलियात साधारण दहा टक्के, कारण तिथल्या कॅरॅव्हॅनही जड आणि रस्तेही लांबचे. ही आमची चूक होती, तुमची नव्हे. ती आम्ही दुरुस्त केली. पण दहा टक्के भार द्यायचा तर तो सोसणारी गाडी हवी, आणि पुन्हा मी त्याच न छापलेल्या आकड्याकडे येते.

ब्रिटनमध्ये नवख्यांना एक जुना सल्ला देतात: भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, अनुभव आहे. त्या हिशेबाने वरच्या २२०० किलोच्या गाडीने १८७० किलो ओढावेत. तुमच्या माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मे. ऑफ-रोड बांधणीच्या जड कॅरॅव्हॅनसाठी तो सल्ला तंतोतंत पाळणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. पण शेपटीने कुत्र्याला हलवू नये, एवढे तरी पाहायला नको का?

आणखी एक गैरसमज तुमच्या जाहिराती जोपासतात. चिखलात, खडकांत चांगली चालणारी गाडी ओढायलाही चांगली असणारच, असा. पुष्कळदा उलटेच असते. खडकांतून जायला चाकांतले अंतर कमी हवे, स्प्रिंग मऊ हवे, गाडी हलकी आणि उंच हवी. ओढायला चाकांतले अंतर जास्त हवे, मागचा ॲक्सल आणि बॉल यांत अंतर कमी हवे, मागचे स्प्रिंग ताठ हवे आणि गाडीला स्वतःचे वजन हवे. सुझुकी जिम्नी डोंगरात बकरीसारखी चढते, पण ऑस्ट्रेलियात तिची ओढण्याची मर्यादा १३०० किलो आहे. त्यात तिचा काही दोष नाही, ती त्या कामासाठी नाहीच. दोष आहे तो दोन्ही कामांना एकच चित्र दाखवण्यात.

फोर-व्हील ड्राइव्हचेही तसेच. गाडीवर चिकटवलेल्या "४×४" या अक्षरांमागे अगदी वेगवेगळ्या यंत्रणा असतात. पार्ट-टाइम यंत्रणेत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळता येत नाही. लावली तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साचत जातो. म्हणजे कॅरॅव्हॅन ओढण्याचा बहुतेक प्रवास अशा गाडीत फक्त मागच्या दोन चाकांवर होतो. ओल्या, घसरड्या डांबरावर, चढाच्या वळणावर मागे तीन टन असताना चारही चाकांना ताकद मिळणारी फुल-टाइम यंत्रणा किती धीर देते, हे ज्याने चालवली आहे त्यालाच कळेल. माझ्या यादीत ती आता पहिली अट आहे. लो-रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे जादा गिअर, हवीच, पण चिखलासाठी नव्हे. चढावरच्या अरुंद जागेत कॅरॅव्हॅन मागे घ्यायची असते, तेव्हा लो-रेंजमध्ये गाडी मुंगीच्या चालीने, क्लच किंवा गिअरबॉक्स न भाजता सरकते. तुमच्या एकाही विक्रेत्याने मला हा उपयोग सांगितलेला नाही.

आणि उष्णता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिनाची ताकद तेलातून पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसतो, तेव्हा तेल तापत राहते. लांब चढावर, कमी वेगात, हेच तासन् तास चालते. म्हणून तेलाचा वेगळा कूलर आहे का, तापमान डॅशबोर्डवर अंशांत दिसते का, हे टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराच्या, आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. आमच्या गाडीत फक्त एक लाल दिवा आहे. तो लागेपर्यंत तेलाचे जे व्हायचे ते झालेले असते. टॉर्कचे आकडे तुम्ही भरभरून छापता. कमी फेऱ्यांत मिळणारा टॉर्क लागतोच, पण आजच्या बहुतेक टर्बो डिझेलांत तो पुरेसा असतो. हमरस्त्यावर इंजिनाला दमवते ती हवा. कॅरॅव्हॅनचे उभे तोंड हवा कापत नाही, ढकलते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेले की हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट. म्हणून ओढतानाचा इंधनखर्च, भरलेल्या टाकीत जाता येणारे अंतर आणि विजेच्या गाडीची ओढतानाची रेंज हे तिन्ही, कॅरॅव्हॅन किती रुंद, किती उंच आणि वेग किती, हे लिहून छापा. रिकाम्या गाडीची सरासरी मला कुठेच पोहोचवत नाही.

माझे मागणे अवघड नाही. हे सगळे आकडे तुमच्याकडे आहेत. त्यांशिवाय गाडीला मंजुरीच मिळाली नसती. ३५०० जितक्या मोठ्या अक्षरांत छापता, तितक्याच मोठ्या अक्षरांत त्याच्या शेजारी छापा: "हे वजन ओढताना गाडीत इतके किलो." १५००, २०००, २५०० आणि ३००० किलोंसाठीही तोच आकडा द्या. सर्वांत वरच्या मॉडेलसाठी वेगळा द्या, कारण सनरूफ, मोठी चाके आणि विजेच्या सीटांचे वजन याच हिशेबातून वजा होते. मागच्या ॲक्सलची मर्यादा आणि बॉलपर्यंतचे अंतर पुस्तिकेतून बाहेर काढा. तुम्हीच विकता ते बंपर, रॅक, टो बार यांच्यासमोर किमतीबरोबर त्यांचे वजन लिहा. आणि विक्रेत्याला एक प्रश्न विचारायला शिकवा, बाकी काही नको: गाडीत कोण कोण बसणार आहे आणि काय काय असणार आहे?

पुढच्या महिन्यात मी शोरूम पाहायला निघणार आहे. बरोबर एक कागद असेल. त्यावर आमच्या चौघांची वजने आहेत (मुले आता मोठी झाली आहेत, दोघे मिळून १२० किलो), फ्रिजचे, बॅटरीचे, पेटीचे वजन आहे, वजनकाट्याच्या पावतीवरून उतरवलेले कॅरॅव्हॅनचे वजन आहे आणि बॉलवरचा भार आहे. प्रत्येक गाडीपुढे एक चौकोन रिकामा ठेवला आहे. जी कंपनी तो चौकोन लेखी भरून, सही करून देईल, तिच्या गाडीत बसून मी चाचणीला निघेन. कॅरॅव्हॅन मागे जोडून, आणि त्याच उतारावर.

कळावे,

आपली,
कॅरॅव्हॅन ओढणारी एक गिऱ्हाईक